पाय नावाचा फोल्डर

३ मार्च, रविवार

अण्णा,

म्हणजे पुन्हा मीच. नळ गळला तर मी, गिऱ्हाईक रागावलं तर मी, आता कॉम्प्युटर आजारी पडला तरी मी. घर सोडून मला सात महिने झाले, आणि अजून तिथे जे मोडतं ते माझ्याच हाताने मोडतं. एवढा लांब हात कोणाचा असतो ते एकदा मलाही सांगा.

धाकटीचं पत्र मिळालं. अक्षर तिचं आहे, बोल तुमचे आहेत. ‘तुझ्या त्या डबड्याला रोग झालाय’ असं ती आपल्या मनाने लिहिणार नाही. ती त्याला डबडं म्हणत नाही, तुम्हीच म्हणता.

तुम्ही माझ्याशी बोलत नाही, ठीक आहे. फोन तुमच्या कामाच्या मेजावर, कोपराशी असतो. तो तुम्हीच उचलता आणि माझा आवाज आला की ठेवून देता, तेही ठीक. आई होती तोवर मधे कोणीतरी होतं. आता नाही, म्हणून कागदावर लिहितोय. कागद रागाने खाली ठेवला तरी परत उचलता येतो.

आधी एक सांगून टाकतो. हा रोग मी आणलेला नाही. मी निघालो तेव्हा कॉम्प्युटर ठणठणीत होता. नंतर त्यात कोणी काय उघडलं मला काय माहीत. धाकटी गाणी उतरवून घेते, तिच्या दवाखान्यातल्या मैत्रिणी पेन ड्राइव्ह घेऊन येतात. मी कोणाचं नाव घेत नाही. पण असली गोष्ट आपण होऊन दार वाजवत नाही, कोणीतरी कडी काढावी लागते.

तिने लिहिलंय की चालू करून आंघोळ उरकून आलं तरी पडद्यावर ते गोल फिरतच असतं. मधेच जाहिराती उडतात, एक बंद केली की दोन येतात. आणि एक लाल पाटी येते, त्यावर लिहिलेलं असतं की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये तीनशे चाळीस व्हायरस सापडले, ताबडतोब या नंबरवर फोन करा.

अण्णा, एवढं मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. तो नंबर लावायचा नाही. ती पाटी रोग दाखवायला आलेली नाही, ती पाटी हाच रोग आहे. फोन लावला की पलीकडचा माणूस गोड बोलतो, बँकेच्या कार्डाचा नंबर मागतो आणि तुमचं खातं धुऊन काढतो. कधी कधी ते लोक आपणच फोन करतात. तेव्हा फोनवर कोणीही कॉम्प्युटर, व्हायरस असं काही बोलायला लागलं, कितीही सभ्य वाटलं, तरी एक अक्षर न बोलता फोन ठेवायचा. फोन ठेवायचा तुम्हाला सराव आहेच.

आता धाकटीसाठी. नेटची वायर मागून ओढून काढ. जाहिराती तिथूनच येतात, आणि आतला माल बाहेर जात असेल तर तोही तिथूनच जातो. त्या कॉम्प्युटरला लावलेला पेन ड्राइव्ह दवाखान्यात नेऊ नकोस, नाहीतर तिथेही हेच सुरू होईल. पाकिटात दोन पुठ्ठ्यांच्या मधे एक सीडी आहे. कॉम्प्युटर चालू करताना सगळ्यात वरच्या ओळीतलं एफ आठ हे बटण टक टक दाबत राहायचं, मग काळ्या पडद्यावर यादी येते, त्यात सेफ मोड निवडायचा. सेफ मोड म्हणजे घर अर्ध्या झोपेत असताना आत शिरणं. व्हायरसची बरीच माणसं तेव्हा उठलेली नसतात. मग सीडीतलं औषध लाव आणि सगळा कॉम्प्युटर तपास. तीन-चार तास लागतील. शेवटी लाल अक्षरात यादी येईल. लाल दिसेल ते सगळं काढून टाक. विचार करत बसू नकोस.

इथे रोज तीस-चाळीस कॉम्प्युटर माझ्या हाताखालून जातात. कचेऱ्यांतून जुने झालेले येतात, ते साफ करून, धुऊनपुसून आम्ही विकतो. मास्तर म्हणून एक आहेत, ते आणि मी. मेकॅनिकचं काम आहे. सहावीत शाळा सोडलेल्याचं बूड कुठे टिकत नाही असं तुम्ही म्हणायचात, म्हणून कळवलं.

वाकड्या पायाच्या मुलीचं ऑपरेशन ठरलं हे वाचलं. डॉक्टरांना पंचवीस तारखेच्या आत, बुटाच्या मापासाठी तुम्ही पेन्सिलीने काढलेले तिच्या पायाचे सगळे कागद हवेत, चार वर्षांची होती तेव्हापासूनचे. दर सहा महिन्यांनी एक असे वीस होतात. पाय कुठल्या वर्षी किती वळला ते बघून ते हाड कुठे कापायचं ठरवणार. सगळे कागद ‘पाय’ नावाच्या फोल्डरमध्ये आहेत, मीच घातलेत. काळजी नको. औषध लागलं की उघडा आणि छापून द्या.

मूळ कागदांचा विषय मी काढत नाही. तुम्हीही काढू नका.

थोरला


१४ मार्च, गुरुवार

अण्णा,

आज दुपारी धाकटीचं पत्र हातात पडलं.

तिने सगळं बरोबर केलं. साडेतीन तास लागले, एकसष्ट लाल निघाले, मी लिहिलं तसे तिने एकूण एक काढले. जाहिराती गेल्या, पाटी गेली, कॉम्प्युटर चुटकीसरशी चालू व्हायला लागला. ती लिहिते, मी तुम्हाला हाक मारली, म्हटलं अण्णा या, बघा कसा झाला. आणि तुम्ही चष्मा लावून उभे राहिलात तेव्हा तिने ‘पाय’ उघडला. आत काहीच नव्हतं. पांढरा पडदा.

तुम्ही ‘बरं’ म्हणालात आणि मेजाशी जाऊन बसलात. दोन तास चामडं कापायची एकच रापी दगडावर घासत होतात, ती धार लागून लागून अर्धी झाली असेल. दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई कागद मागायला आली तेव्हा तुम्ही तिला सांगितलंत, मशीन दुरुस्तीत आहे, पुढच्या आठवड्यात या. ते वाचून मी पत्र घडी घालून खिशात ठेवलं. तुम्ही गिऱ्हाईकाला कधी उद्याचा वायदासुद्धा खोटा दिला नाहीत. बूट झाला नसेल तर झाला नाही म्हणायचात, आणि वर शिव्या खायचात.

आता जे लिहितो ते सगळ्यात महत्त्वाचं. धाकटी लिहिते की कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस शनिवारी येणार आहे आणि फॉरमॅट मारून नव्यासारखा करून देणार आहे. त्याला हात लावू देऊ नका. पाय गेलेले नाहीत.

मी पत्र घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी एकदाच वाचलं आणि विचारलं, फोल्डरच्या चित्रावर खाली डाव्या कोपऱ्यात बारीकसा वाकडा बाण होता का ते विचारून घे. विचारायची गरज नव्हती. होता. मी घरात असतानाच तो दिसायला लागला होता, मला वाटलं नवी फॅशन असेल. मास्तर म्हणाले, हा व्हायरस चोर नाही, लपवणारा आहे. तो खरे कागद उचलून अंधारात ठेवतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाची खोटी दारं उभी करतो. तुम्ही खोटं दार उघडता, तो आपलं काम करून घेतो आणि मग तुम्हाला खऱ्या कागदाकडे सोडतो, म्हणून संशय येत नाही. औषधाने खोटी दारं काढली. एकसष्टमध्ये बहुतेक तीच होती. मागे खरे कागद आहेत तिथेच आहेत, पण त्यांच्यावरचा ‘लपलेला’ हा शिक्का अजून निघालेला नाही. शिक्का पुसला की दिसतील. फॉरमॅट मारला तर मात्र खरंच जातील.

म्हणजे मी लिहिलं ‘लाल दिसेल ते सगळं काढ’, ते चुकलं नाही, पण अर्धंच लिहिलं. पुढचं अर्धं मला माहीत नव्हतं.

आज गुरुवार. हे पत्र तुम्हाला सोमवारी मिळेल आणि तो माणूस शनिवारी येणार. तरी लिहितोय, कारण लिहिलं नाही तर बसवत नाही. उद्या जेवणाच्या सुट्टीत फोन करणार आहे. उचला.

आणि कागदांचा विषय. मी म्हटलं होतं काढणार नाही. काढतो.

चारशे बारा माणसांचे पाय मी दोन महिने बसून कॉम्प्युटरमध्ये घातले, एवढं तुम्ही मान्य करता हे मला माहीत आहे. तुम्ही म्हणाला होतात, चांगलं केलंस, पण कागद माळ्यावर राहू देत. तुम्ही आत्याकडे चार दिवस गेलात आणि मी ते गाडीत भरून रद्दीवाल्याकडे घातले. तुम्हाला सांगितलं की वाळवी लागली होती. वाळवी लागली नव्हती. मला माळ्यावर झोपायला जागा हवी होती. खाली तुमच्या हातोडीने पहाटे जाग यायची.

तुम्ही माळ्यावर चढून लाकडावर नुसता हात फिरवलात आणि खाली उतरलात. तेव्हाच तुम्हाला कळलं होतं. तरी मी आणखी दीड महिना वाळवी वाळवी करत भांडलो आणि मग निघून आलो.

थोरला


१५ मार्च, शुक्रवार

अण्णा,

तुम्हाला सगळं माहीत आहे, पण तुमच्या बाजूचं. माझ्या बाजूचं लिहितो, म्हणजे धाकटीलाही कळेल की आज तिच्या मागे काय गोंधळ झाला.

जेवणाच्या सुट्टीत मी दुकानातून फोन लावला. तुम्ही उचललात. मी म्हटलं, अण्णा, कॉम्प्युटर. झालं, कट. परत लावला, परत कट. मला कळेना, तुम्ही माझा आवाज ऐकून ठेवता की मी लिहिल्याप्रमाणे कॉम्प्युटर हा शब्द ऐकून ठेवता. तिसऱ्यांदा लावायला माझं बोट धजेना. मास्तर शेजारी डबा खात होते. ते म्हणाले, इकडे आण, मोठ्या माणसाशी मोठ्या माणसाने बोलावं.

त्यांनी हात पुसून, घसा साफ करून नंबर फिरवला आणि अगदी अदबीने सुरुवात केली, नमस्कार, मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यातला, तुमच्या मशीनमधल्या व्हायरसबद्दल जरा बोलायचं होतं. तुम्ही त्यांना म्हणालात,

“माझ्या मुलाने लिहून कळवलंय. असल्या फोनला उत्तर द्यायचं नाही.”

आणि ठेवलात.

मास्तर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. बाकीचे कामगार गोळा झाले. मी हसलो नाही. मी मास्तरांना विचारलं, ते नक्की काय म्हणाले. त्यांनी सांगितलं. मी परत विचारलं, त्यांनी परत सांगितलं. मग ते म्हणाले, किती वेळा सांगू, ‘माझ्या मुलाने’ म्हणाले, कान साफ कर.

मग त्यांनी डबा बंद केला आणि जरा वेळ आपल्या डाव्या बुटाकडे बघत बसले. मला वाटलं आता काम सुरू करणार. पण त्यांनी परत फोन ओढला.

या वेळी कॉम्प्युटरचं नावही काढलं नाही. म्हणाले, तुम्ही वाकड्यातिकड्या पायांचे बूट करता असं ऐकलंय. मला पलीकडचं काही ऐकू येत नव्हतं, यांचंच ऐकू येत होतं. हो, डावा. लहानपणापासून. उजव्यापेक्षा दोन बोटं आखूड. नाही, पुठ्ठा घालतो आत घडी करून. हो, रोज नवा. मग मान खाली घालून ऐकत राहिले, शाळेत उभं केलेल्या पोरासारखे. मी सात महिने या माणसाच्या हाताखाली आहे, ते जरा डुलत चालतात एवढंच मला वाटायचं. तुमचा मुलगा असून मला ते दिसलं नाही.

नंतर त्यांनी मला सांगितलं, तुम्ही त्यांना विचारलंत की किती वर्षं पुठ्ठा घालता. ते म्हणाले तीस. तर तुम्ही म्हणालात, म्हणजे तीस वर्षं कंबर झिजवलीत, पाय नव्हे. त्यांची कंबर दुखते हे त्यांनी तुम्हाला सांगितलंच नव्हतं.

वीस मिनिटं झाली. मालक येऊन डोकावून गेला. शेवटी मास्तर म्हणाले, एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्याकडे खोकी उचलायला एक पोरगा आहे, तो तुमचा थोरला. इथे शेजारी उभा आहे, घाबरून पांढरा पडलाय. आणि फोन माझ्या हातात दिला.

तुम्ही म्हणालात, “बोल.”

मी रात्रभर मनात जुळवलेलं सगळं विसरलो. म्हटलं, उद्या येणाऱ्याला हात लावू देऊ नका. पाय आतच आहेत, लपवलेत.

“किती आहेत?”

“सगळे. बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे?”

“म्हणजे बघितल्याशिवाय सांगता येणार नाही.”

मागे रस्त्यावरून एखादी गाडी गेली असेल, तिचा आवाज आला. मग म्हणालात, “हे खरं सांगितलंस. वाळवीच्या वेळी असंच सांगायचं होतंस. उद्याच्या माणसाला मी नको म्हणतो. तू काय करायचं ते लिहून पाठव. घाई करू नकोस, पायरी गाळू नकोस.” आणि मग म्हणालात, “ठेवतो.”

आजवर तुम्ही नुसता ठेवायचात. आज ठेवतो म्हणालात.

तर खोकी उचलतो हे तुम्ही ऐकलंतच. मी मेकॅनिक नाही. ट्रकमधून कॉम्प्युटर उतरवतो, फडक्याने पुसतो, वायरी गुंडाळतो. हाताखालून तीस-चाळीस जातात हे खोटं नव्हतं, पण हाताखालूनच जातात. सीडी मास्तरांनी भरून दिली. सेफ मोड वगैरे त्यांनीच सांगितलं, मी लिहून घेतलं.

आणि व्हायरस मीच आणला. धाकटे, तुझ्यावर आणि तुझ्या मैत्रिणींवर ढकललं, माफ कर. मला एक मोटारगाड्यांचा खेळ फुकट उतरवून घ्यायचा होता. कॉम्प्युटरमधला राखणदार दर वेळी ओरडायचा, हे धोक्याचं आहे, हे धोक्याचं आहे. त्याची कटकट नको म्हणून मी त्याला बंदच करून टाकला. तीन दिवस खेळलो, मग कंटाळा आला. राखणदार परत चालू करायचा राहून गेला. पुढे गाडीची तिकिटं काढायच्या गडबडीत लक्षातच आलं नाही असं लिहिणार होतो. आलं होतं लक्षात. म्हटलं, आता आपल्याला काय करायचंय.

आता काम. घाई केलेली नाही, मास्तरांनी तीनदा तपासलंय.

नेटची वायर काढलेलीच ठेवायची. नवीन काही साठवायचं नाही, गाणंसुद्धा नाही. सोबत वेगळा कागद आहे. त्यावर मी इंग्रजी अक्षरांची एक ओळ काढलीय. काढलीय म्हणतो कारण मला तिचा अर्थ कळत नाही, मी मास्तरांच्या पाटीवरून चित्रासारखी उतरवलीय. सुरूच्या बटणातून काळा चौकोन उघडायचा, कसा ते मागच्या बाजूला लिहिलंय, आणि ती ओळ जशीच्या तशी टाइप करायची. जिथे मी लाल टिंब दिलंय तिथे टिंब द्यायचं नाही, मोकळी जागा सोडायची. हे धाकटीला दोनदा वाचून दाखवा. शेवटचं बटण दाबलं की काहीच होत नाहीये असं वाटेल. होत असतं. काळ्या चौकोनात परत रेघ लुकलुकायला लागेपर्यंत हात लावायचा नाही. वायर ओढायची नाही. अण्णा, तुम्ही तिच्या मागे उभे राहून ‘झालं का’ म्हणायचं नाही.

मग ‘पाय’ उघडा. आधी त्या मुलीचे वीस छापून घ्या, मग बाकीचं. उघडले नाहीत तर उघडले नाहीत असं मला लिहा. मी मास्तरांना विचारीन.

थोरला


३० मार्च, शनिवार

अण्णा,

धाकटीचं पत्र मंगळवारी आलं, तुमच्या चार ओळींसकट. उत्तराला उशीर झाला. तो का झाला ते पुढे येईल.

चारशे बारा माणसांपैकी चारशे पाच जणांचे पाय पूर्ण मिळाले. मी दुकानात सगळ्यांना सांगितलं. कोणाला काही कळलं नाही, तरी टाळ्या वाजवल्या. मास्तर म्हणाले, सात कुठे गेले? मी म्हटलं, त्या सात जणांचा एकेक कागद उघडतो पण आत रेघा नाहीत, राखाडी पट्टे आहेत. ते म्हणाले, हे गेले, याला आता इलाज नाही. मला वाटलं होतं ते काहीतरी युक्ती काढतील. नाही काढली.

त्या सातांत मुलीचा एक होता, नऊ वर्षांची असतानाचा, हे वाचून मी बसूनच राहिलो. मग पुढे वाचलं की तुम्ही फळीवरून त्या वर्षीचा तिच्या पायाचा लाकडी फर्मा शोधून काढलात. फर्मे तुम्ही जाळत नाही, त्यावरूनही मी किती बोललो होतो, घर आहे की वखार. तुम्ही तो कागदावर ठेवून त्याच्या कडेने रेघ काढलीत आणि खाली लिहिलंत, ‘हा फर्म्यावरून, पायावरून नाही.’ धाकटी म्हणते, डॉक्टरांनी ते वाचून विचारलं, हे असं कोणी लिहिलं? आणि एकोणीस कागद आणि हा विसावा, सगळे टेबलावर ओळीने मांडून बघत राहिले. तेवीस तारखेला पोचवलेत, दोन दिवस आधी. मुलीची आई रडली, आणि तुम्ही तिला आधी म्हणालात की मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं, मशीन दुरुस्तीत नव्हतं, कागद हरवले होते. ते सांगायची काही गरज नव्हती. पण तुम्हाला ते सांगितल्याशिवाय जेवण गेलं नसतं.

बाकी सहा माणसं कोण ते धाकटीने कळवलंय. त्यातले दोन गाव सोडून गेलेत. पोस्टातल्या साखरेच्या आजारवाल्या काकांचा पाय परत कागदावर काढावा लागेल. ते मला काय म्हणतात ते मुळीच न गाळता लिहा.

कॉम्प्युटरचं अजून थोडं आहे. राखणदार चालू केलाय असं तिने लिहिलंय, आता तो ओरडला की त्याचं ऐकायचं, मग खेळ कितीही चांगला असो. नेटची वायर लावल्यावर बँकेचे आणि पत्रांचे सगळे परवलीचे शब्द बदला, जुने कोणी बघितले असतील काय सांगता येत नाही. मैत्रिणींचे पेन ड्राइव्ह आधी तपासायचे, नंतर उघडायचे, त्यात मैत्रिणींनी रागवायचं काही नाही. आणि ‘पाय’च्या दोन सीड्या करून एक आत्याकडे ठेवायची. एकाच घरात दोन ठेवल्या म्हणजे एकच ठेवली असं मास्तर म्हणतात. ती रोज पंचवीस पाय छापून माळ्यावर ठेवते हे वाचलं. झोपायची जागा परत भरत चालली म्हणायची.

आता तुमच्या चार ओळी. सात महिन्यांनी तुमचं अक्षर बघितलं. मला वाटलं माझ्याबद्दल काही असेल. चारही ओळी मास्तरांच्या पायाबद्दल. ‘त्यांचा पाय कागदावर उठवून पाठव. उभे असताना, पूर्ण भार देऊन. पेन्सिल सरळ उभी धर, आत झुकली तर बूट चावेल. दोन्ही पाय काढ, नुसता वाईट नको.’

म्हणून उशीर झाला. मास्तर तयारच होईनात. तीस वर्षं त्या बुटात पाय घालून सगळ्यांपासून लपवलेला, तो दुकानात सगळ्यांसमोर काढायचा. बुधवारी नाही म्हणाले, गुरुवारी नाही म्हणाले. काल कामगार जेवायला बाहेर गेले तेव्हा मी ट्रकच्या खोक्याचा एक मोठा कागद जमिनीवर पसरला आणि नुसता पेन्सिल घेऊन बसलो. ते दोनदा शेजारून गेले. मग खुर्चीवर बसून त्यांनी मोजा काढला. मी काही बोललो नाही. तुम्ही गिऱ्हाईकाचा पाय हातात घेतल्यावर बोलत नाही, हे मला आठवलं.

पहिला बिघडला, पेन्सिल टाचेशी झुकली. फाडला. दुसरा काढताना त्यांनी भार उचलला, मी सांगितलं, मास्तर, पूर्ण उभे राहा, मला धरा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उभे राहिले. तेव्हा कळलं किती वाकडे उभे राहतात. तो कागद मला बरा वाटला, पण अंगठ्याजवळ शंका होती, म्हणून तिसरा काढला. तोच पाठवतोय, आणि दुसराही पाठवतोय, बघून सांगा शंका बरोबर होती का. डावा दोन बोटं आखूड नाही, दीड बोट आहे. मी चारदा मोजलं. त्यांनी तुम्हाला फोनवर जास्त सांगितलं.

शेवटी त्यांनी पायात मोजा घालत विचारलं, किती होतील. मी म्हटलं, अण्णा पाय बघितल्याशिवाय भाव सांगत नाहीत, फोनवर तर नाहीच. तरी त्यांनी ऐकलं नाही, आगाऊ म्हणून नोटा माझ्या हातात कोंबल्या. त्यात माझे थोडे घालावेत असं मनात आलं होतं, पाकिटातून काढलेही होते. परत ठेवले. हे गिऱ्हाईकाचे आहेत, बुटाचे आहेत, यात दुसरं काही मिसळलं तर तुम्हाला हिशेब लागणार नाही आणि तुम्ही मला परत चार ओळी लिहाल, त्याही बुटाच्याच. त्यांनी दिले तेवढेच मनीऑर्डरने पाठवतोय. एक हजार आठशे.

थोरला